उरीयाला माहीत होतं का?

नगर
३ मार्च २०२५

प्रिय पंकजा,

सप्रेम सलाम. सोबत माझ्या पुस्तकाचं प्रकरण अकरावं पाठवते आहे. माझं अक्षर आता कोंबडीच्या पायासारखं झालं आहे, तरी तुला ते लागतं. माझ्या परभणीच्या घरात तू दोन वर्षं भाड्याने राहिलीस, बी.एड. केलंस आणि त्या दोन वर्षांत मी सुट्टीला आले की माझे सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेस. आता नगरला मला कोण विचारतंय? इथल्या ख्रिस्ती सेमिनरीतली मुलं हिब्रू शिकतात, पण 'निष्ठा' शब्दातली वेलांटी विसरतात.

हे प्रकरण उरीयाचं आहे. तू त्याची गोष्ट ऐकली नसशील, म्हणून थोडक्यात सांगते. उरीया हा दावीद राजाच्या सैन्यातला शिपाई. जातीने हित्ती, म्हणजे परका. तो लढाईवर असताना राजाने त्याच्या बायकोला वाड्यावर बोलावलं आणि तिला दिवस गेले. पाप झाकायला राजाने उरीयाला परत बोलावलं आणि घरी जाऊन झोप म्हणाला. उरीया गेला नाही. माझे सोबती उघड्या रानात पडलेत आणि मी घरी कसा झोपू, असं म्हणून तो वाड्याच्या दाराशीच नोकरांबरोबर आडवा झाला. मग राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं, की या उरीयाला जिथं लढाई पेटली असेल तिथं पुढे उभं कर आणि मागे सरक. ते पत्र पोचवायला दिलं उरीयाच्याच हाती. त्याने ते नेलं. यवाबाने हुकूम पाळला. उरीया शत्रूच्या शहराच्या भिंतीखाली मेला.

तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले, की आपल्या पवित्र शास्त्रात सगळ्यात निष्ठावान माणूस शोधाल तर तो हा परका निघेल. हिब्रूत 'हेसेद' म्हणतात. धरलेला हात न सोडणं. मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. तुला काय वाटतं ते समासात लिही.

पेपरात वाचलं, तुमच्या बाजूला गोदावरीच्या घाटावर वाळूच्या गाडीखाली कोतवाल गेला. तुमच्या गावाजवळ नाही ना?

तुझी,
सत्यशीलाबाई


गंगाखेड
१७ मार्च २०२५

आदरणीय बाई,

सा. न. प्रकरण तपासून परत पाठवते. 'पवित्र' सगळीकडे बरोबर आहे, 'हुकूम' तीन ठिकाणी चुकला आहे.

बाई, मला काही विचारायचं आहे. रागावू नका.

उरीयाला माहीत होतं का? तो वाड्याच्या दाराशी नोकरांमध्ये झोपला. नोकरांना सगळं माहीत असतं, आमच्या घरी तरी असतं. मग कुणी त्याच्या कानात काहीच सांगितलं नसेल? आणि माहीत असूनही त्याने ते पत्र नेलं असेल, तर ती निष्ठा. पण माहीत नसेल तर? तर त्याला तुम्ही निष्ठावान कसं म्हणता? तर तो नुसता फसवलेला माणूस झाला ना, बाई?

दुसरं. पत्र राजाने स्वतःच्या हाताने लिहिलं का? राजे स्वतः लिहायचे का, की कुणाला तरी बसवून लिहून घ्यायचे? लिहिणारा कुणी असला, तर त्याचं काय झालं, याबद्दल शास्त्रात काही आहे का?

कोतवालाचं तुम्ही वाचलं ते आमच्याच घाटावर झालं. गाडी आमच्या दादाची होती. सुग्रीव नावाचा ड्रायव्हर आहे आमचा, तो चालवत होता. तो तुरुंगात आहे. दादा काळजीत असतो. बाकी सगळं ठीक आहे.

यापुढे पत्र शाळेच्या पत्त्यावरच पाठवा. फोन करू नका. माझा फोन हल्ली घरात कुणाच्याही हातात असतो.

तुमची,
पंकजा


नगर
२६ मार्च २०२५

प्रिय पंकजा,

तुझे प्रश्न वाचून मी दोन दिवस पुस्तकं उघडून बसले. इतके चांगले प्रश्न मला सेमिनरीत एकानेही विचारले नाहीत.

उरीयाला माहीत होतं की नाही, याबद्दल मूळ शास्त्र गप्प आहे. काही पंडित म्हणतात, होतं, आणि घरी न जाणं हाच त्याचा राजाला दिलेला जबाब होता. काही म्हणतात, तो भोळा होता. मी कायम भोळाच धरला. माझ्या वर्गाला तो तसा आवडायचा.

पत्राबद्दल. तिथे 'सेफर' शब्द आहे. सेफर म्हणजे लिहिलेलं. पत्रालाही तोच शब्द आणि पुस्तकालाही. दावीदाने ते 'लिहिलं' एवढंच म्हटलं आहे. पण राजवाड्यावर लेखनिक असत आणि राजाने लिहिलं म्हणजे लिहवलं असाही अर्थ होतो. तसा कुणी असला, तर त्याचं नाव नाही, शिक्षा नाही, काहीच नाही. नाथान संदेष्ट्याने येऊन राजाला दोष दिला, यवाबाला दिला नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही.

आता मी तुझी बाई म्हणून नाही, म्हातारी म्हणून विचारते. फोन दुसऱ्यांच्या हातात, पत्र शाळेत, आणि निष्ठेचे इतके प्रश्न. पंकजा, कुणी आहे का? तू सासरहून परत आलीस तेव्हा दादाने तुला एक शब्द न विचारता घरात घेतलं, हे मला ठाऊक आहे. त्याचं मन मोडवत नसेल. पण मीखल राजकन्या होती, तिने नवऱ्यासाठी बापाशी खोटं बोलून त्याला खिडकीतून पळवलं, आणि शास्त्राने तिला दोष दिला नाही. तो परजातीचा असेल तरी मला सांग. मी घाबरणार नाही.

तुझी,
सत्यशीलाबाई


गंगाखेड
११ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

कुणी असता तर किती बरं झालं असतं.

मधल्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयात बसून लिहिते आहे. दार आतून लावलं आहे. हे वाचलं की जाळून टाका.

एकवीस फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला मी अंगणात पाणी तापवत होते. सुग्रीव गोठ्याशेजारच्या खोलीत तापाने फणफणला होता. आदल्या दिवशी दवाखान्यात नेऊन आणलेला. मीच त्याला चहा आणि गोळी दिली. तो म्हणाला, "ताई, आज दादाला लय तरास झाला. सोताच गाडी घिऊन गेले." मी म्हटलं, पड गुमान.

साडेसहाला दादा वाळूचा हायवा ट्रक घेऊन आला. गाडी दारात न लावता मागच्या बाजूला नेली. मी बघायला गेले तर तो पाइप धरून पुढचं चाक धूत होता. मला बघून म्हणाला, "पंके, आत जा." मी गेले नाही. तेव्हा तो तिथंच चिखलात खाली बसला आणि म्हणाला, "मला वाटलं तो सरकंल."

योगीराज सरकला नाही, बाई. आमच्या गावचा कोतवाल. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता, माझ्या मागच्या बाकावर. तो चोरटी वाळू अडवायला रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिला होता.

दुपारपर्यंत ठरलं, की गाडी सुग्रीव चालवत होता. कसं ठरलं ते मला माहीत नाही. दादा त्याच्या खोलीत अर्धा तास होता. सुग्रीवचे आईबाप ऊसतोडीला जायचे, माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला लहानपणीच आमच्याकडे ठेवून घेतलं, ट्रॅक्टर शिकवला. तो बाहेर आला तेव्हा अंग तापलेलंच होतं. मला म्हणाला, "ताई, खाल्ल्या मिठाला जागायचंच असतं. ब्रेक फेल झाला म्हणून सांगायचंय. दादा म्हन्ले म्हैन्याभरात सोडवून आणतो."

मग दादाने मला बोलावलं. म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं हाय. सुग्रीवचा जबाब लिहून दे. मी सांगतो तसं."

मी लिहिलं. दादा सांगत गेला आणि मी लिहीत गेले. त्यात ब्रेकचा शब्दसुद्धा नव्हता. त्यात होतं, की मी दारू पिऊन, मालकाला न विचारता गाडी नेली. कोतवाल योगीराज याच्याशी माझं जुनं भांडण होतं. त्याला बघून माझा राग अनावर झाला. मी 'अनावर'मधला ण का न यावर थांबले होते, बाई. दादा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

सुग्रीवला सहीपुरतंच येतं. त्याने सही केली. वाचून दाखव म्हणाला नाही. माझं अक्षर होतं ना, मग कशाला म्हणेल? कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि स्वतः ठाण्यात नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी तुमचं अकरावं प्रकरण आलं.

मी हे कुणाला सांगणारही नव्हते. पण परवा सुग्रीवची बायको कोकिळा आली. ती भावाबरोबर ऊस तोडायला गेली होती, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत आली. म्हणाली, "ताई, वकील म्हन्तोय की माझ्या नवऱ्यानं मुद्दाम मारलं असं त्येच्याच कागदात हाय. तुमी शाळेत शिकवता. तुमी चला आन् त्यो कागद वाचून सांगा मला. त्येनं असं कसं लिव्हलं? त्येला तर लिव्हायला येत न्हाई." मी पाणी आणायला आत गेले आणि तिथंच उभी राहिले. ती वाट बघून गेली.

दादा वाईट माणूस नाही. हे मी तुम्हाला कसं पटवू? माझ्या सासरी तो एकटा आला होता. सासऱ्यांनी काठी काढली तरी हलला नाही. मला गाडीत बसवलं आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही, फक्त वाटेत पाथरीला थांबून मला उसाचा रस पाजला. त्याच्याशी मी कशी वागू? आणि सुग्रीवशी? सांगा ना, हेसेद कुणाशी?

मी बोलले, तर दादा मला मारणार नाही. मला त्याची भीती वाटत नाही. त्याच्याबरोबर वाळूच्या धंद्यात जे आहेत ते आता रोज घरी येऊन बसतात आणि मी चहा घेऊन गेले की बोलायचे थांबतात. त्यांची वाटते.

पंकजा


नगर
२६ एप्रिल २०२५

माझ्या पोरी,

तुझं पत्र मी जाळलं. जाळताना हात भाजला.

मी तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात नाथान होता, दुसऱ्यात योनाथान, जो बापाविरुद्ध जाऊन मित्राच्या बाजूने उभा राहिला. तिसऱ्यात मला माझीच लाज वाटली. पुस्तकातली माणसं मरून तीन हजार वर्षं झाली आहेत, त्यांना धाडस शिकवणं सोपं आहे. तू एकतीस वर्षांची आहेस आणि जिवंत आहेस.

म्हणून साधं सांगते. गप्प राहा. सुग्रीव त्या पहाटे तापाने तुमच्या घरी पडला होता, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही ना? मग कुणालाही सांगू नकोस. जबाब तू लिहिलास हे कोकिळेला कळू देऊ नकोस. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागेल, तेव्हा पुस्तकाच्या कामाचं निमित्त सांग आणि माझ्याकडे निघून ये. परत जाऊ नकोस. सुग्रीवला आपण इथून चांगला वकील देऊ. देव त्याला वाट दाखवील.

हा सल्ला बरोबर आहे का, मला माहीत नाही. मला फक्त तू हवी आहेस.

सत्यशीलाबाई


५ मे २०२५

आदरणीय सत्यशीलाबाई यांस,

महारुद्र दिनकरराव यांचा नमस्कार. तुमचं २६ तारखेचं पत्र मिळालं. शाळेला सुट्टी लागल्यामुळे पोस्टमन बन्सीधर यांनी ते घरी आणून दिलं. चांगला माणूस आहे.

बहिणीच्या टेबलात तुमच्या प्रकरणाची एक प्रत होती. तीही वाचली. मी बारावीपर्यंत शिकलेलो आहे. तुमच्या शास्त्रातला तो सेनापती मला आवडला. मालकाने सांगितलं आणि त्याने केलं. का म्हणून विचारलं नाही. घर असंच चालतं, बाई. सगळेच विचारायला लागले तर घराचं काय होईल? तुम्ही त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं आहे.

तुम्ही पंकजाला गप्प राहायला सांगितलं, हे शहाणपणाचं केलं. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिने नगरला यायची गरज नाही. ती आपल्या घरी सुखरूप आहे. माझी एकुलती एक बहीण आहे, तिच्या केसालाही मी धक्का लागू देणार नाही. पण माझ्यासोबत आणखी चारजण आहेत आणि त्यांना बहीण नाही.

तुम्ही एकट्या राहता असं ती म्हणाली. वयमान झालं आहे. तब्येतीला जपा. तुमचा पत्ता पाकिटावर आहेच. नगरला आमच्या लोकांचं येणंजाणं असतं.

कळावे,
महारुद्र


९ मे २०२५

बाई,

कागद मुलांच्या वहीतला आहे, पेन्सिल आहे, समजून घ्या. बन्सीधरकाका टपाल द्यायला आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "बाईसाहेब, मी घरी द्यायला नको होतं का ते?" मी ओसरीवर बसलेल्या दोघांकडे बघितलं. त्यांना कळलं. उद्या परत येतो म्हणाले आणि नजर खाली घातली. हे त्यांच्याकडे देणार आहे.

दादाने तुमचं पत्र माझ्यासमोर फोडलं. सगळं मोठ्याने वाचलं. राजेश्रीवहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि जेवायला बसला. जेवताना म्हणाला, "पंके, तुझं अक्षर लय सुंदर हाय बघ. पोलिसानं बी विचारलं, कोण लिव्हलं म्हणून. मी म्हन्लो, सुग्रीवनंच कुणाकडून तरी लिहून घेतलं आसल."

बाई, ते मला त्याने सांगितलं नाही. ते मला त्याने दाखवलं. मी तोंड उघडलं तर मीही आत जाईन, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

माझा फोन काढून घेतला आहे. दोन माणसं ओसरीवर बसून असतात. कोकिळा एकदा आली, तिला फाटकातूनच परत पाठवलं. सोमवारी २६ तारखेला सकाळच्या गाडीने मला मामाकडे आदिलाबादला पाठवणार आहेत, वहिनी सोबत असेल. तिकडून केव्हा परत आणणार, हे कुणी सांगत नाही. परवा धंद्यातल्या त्या चौघांपैकी एकजण दादाला म्हणाला, "मामाच्या गावाला तळं लय खोल हाय म्हन्ते." सगळे हसले. दादा हसला नाही. पण त्याने त्याला गप्पही केलं नाही.

तुम्ही मला गप्प राहा म्हणालात. मी तुमच्यावर रागावले होते. आता नाही. दादा वाचत होता तेव्हा मला तुमच्या शब्दांतली भीती ऐकू आली.

तरी एक सांगते. मी तुमचं प्रकरण दहा वेळा वाचलं आहे. उरीयाला कुणीच सांगितलं नाही, कारण सगळे कुणाशी ना कुणाशी निष्ठावान होते. वाड्यावरचे नोकर राजाशी. यवाब राजाशी. लिहिणारा असेल तर तोही. एवढे सगळे निष्ठावान, आणि माणूस एकटाच भिंतीखाली मेला.

मला बोलायचं आहे, बाई. मला लय भीती वाटायलीय.

पं.


नगर
१४ मे २०२५

पंकजा,

हे पत्र बन्सीधर यांच्या घरच्या पत्त्यावर, आत दुसरं पाकीट घालून पाठवते आहे. तू पत्रामागे त्यांचा पत्ता लिहिलास म्हणून बरं.

सव्वीस तारखेला सकाळपासून मी गंगाखेडच्या स्टेशनावर असेन. आदल्या दिवशी परभणीला माझ्या भाचीकडे उतरते. ती वकील आहे. तिच्याशी बोलले आहे. जबाब गंगाखेडला द्यायचा नाही, सरळ परभणीला न्यायाधीशांपुढे द्यायचा. तिने एक स्पष्ट सांगितलं, तेही तुला कळायला हवं. तू कागद लिहिलास, त्यामुळे तुझ्यावरही गुन्हा लागू शकतो. ती तुला खोटा धीर देणार नाही म्हणाली. मीही देत नाही.

तुझ्या दादाचं पत्र आलं तेव्हा मी दाराला कडी लावून दिवसभर बसले. खाली कुणी मोटारसायकल लावली की मी उठून कडी पुन्हा बघायचे. मग संध्याकाळी मला एक आठवण आली, जी मी फार वर्षं काढली नव्हती.

सेमिनरीत माझे एक सहकारी होते. त्यांच्यावर खोटा आळ आला. तो खोटा आहे हे मला माहीत होतं, कारण त्या दिवशी ते माझ्यासमोर ग्रंथालयात बसले होते. प्राचार्य म्हणाले, "सत्यशीला, संस्थेचा विचार कर." मी संस्थेचा विचार केला. ते गृहस्थ गेले. दुसऱ्या वर्षी मला उरीया शिकवायला दिला आणि मी वर्गात उभी राहून म्हटलं, बघा, निष्ठा कशी असते. पुढची तीस वर्षं म्हणत राहिले.

मी उरीयाला भोळा ठेवला, पंकजा, कारण तो भोळा असला की गप्प राहिलेल्या बाकीच्यांना जाब विचारायचं कारण उरत नाही.

मी पांढरी साडी नेसून पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर बसेन. मला हाक मारू नकोस. नुसती येऊन शेजारी बस.

सत्यशीलाबाई


परभणी
२ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

सा. न. मी वसतिगृहावर बरी आहे. तुमच्या भाचीचा रोज फोन येतो.

तुम्ही त्या दिवशी गाडीत विचारलं होतं, वहिनीने सोडलं कसं? तेव्हा सांगायचं राहून गेलं. आता सांगते. आपल्या गाडीची घंटा झाली तेव्हा ती तुमच्याकडे बघत होती. तुम्ही कोण ते तिने ओळखलं. दादाने ते पत्र वाचलं तेव्हा ती तिथंच होती ना. मला म्हणाली, "ताई, मी च्या घिऊन येते. मला येळ लागंल." आणि पिशवी माझ्या हातात देऊन गेली. दादाने आमच्यासोबत पाठवलेल्या माणसाला तिने चहा धरायला म्हणून बरोबर नेलं. आपली परभणीची गाडी निघाली तेव्हा ती टपरीपाशी पाठ करून उभी होती. मी खिडकीतून बघितलं, तिच्या हातात कप नव्हता. ती अजून दादाच्याच घरात आहे. तिच्यावर काय बेतलं असेल याचा विचार आला की मी जेवण अर्ध्यावर सोडते.

माझा जबाब झाला ते तुम्हाला माहीतच आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर सुग्रीवचं नाव आणि ताप निघाला. दादाचा फोन त्या पहाटे घाटावर होता, हेही निघालं. दादाला नेलं तेव्हा मी तिथं नव्हते. तारखेला कोर्टात समोर आला. मला वाटलं, बघणार नाही. तो बघत राहिला आणि म्हणाला, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. एवढंच आमचं बोलणं.

माझ्यावर पुढे काय होईल, ते अजून ठरलेलं नाही. त्या चौघांतले दोन बाहेरच आहेत. जड गाडी रस्त्यावरून गेली की मी अजून भिंतीला चिकटते. हे सगळं तुमच्यापासून लपवत नाही.

परवा सुग्रीव सुटला. मी तुरुंगाच्या दाराशी गेले होते. कोकिळा आधीच येऊन बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण शेजारची पिशवी उचलून मला बसायला जागा केली. तो बाहेर आला, फार वाळला आहे. मला बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ताई, तुमी दादाला धोका दिला."

मी उठून उभी राहिले.

कोकिळा त्याच्यावर कडाडली, "आन् त्येनं तुला काय दिलं मग?" त्याने तिला हाताने थांबवलं. मला म्हणाला, "वकील बाईनं सांगितलं मला, कागदात काय हुतं ते. निस्तं थोडक्यात सांगितलं. तुमीच लिव्हलं ना?"

"हो," मी म्हटलं.

त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाला, "मला वाचून दाखवायचं हुतं, ताई. मी सही केलीच आसती. दादासाठी केलीच आसती मी. पन मला कळलं तरी आसतं, मी काय देयालोय ते."

बाई, उरीयाबद्दल मी तुम्हाला विचारलं होतं, त्याचं उत्तर मला कुठल्या पंडिताकडून नको आहे आता. माहीत नसताना त्याच्याकडून निष्ठा घेतली, हीच चोरी होती. बायको नेली त्याहूनही मोठी. तुमच्या पुस्तकात हे घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

त्या कागदाची नक्कल माझ्या पर्समध्ये होती. जबाबाच्या वेळी मिळालेली. मी ती बाहेर काढली. सुग्रीवला विचारलं, "आता वाचू?"

त्याने कोकिळेकडे बघितलं. ती उठली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "वाचा. सगळं वाचा. काय बी गाळू नका."

लोक येत-जात होते. मी कागदाची घडी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून, त्याच्या नावापासून, मोठ्याने वाचायला लागले.

तुमची,
पंकजा